मित्रमंडळाचे पुढचे पुस्तक

वाचन हा एकट्याने करावयाचा उद्योग आहे, असे आपण सामान्यतः मानतो. दार लोटून, दिव्यापाशी बसून, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस पुस्तकात शिरला आहे, हेच वाचकाचे चित्र आपल्या मनात असते. परंतु आठदहा स्नेह्यांनी मिळून एक पुस्तक ठरवावे, प्रत्येकाने ते आपापल्या घरी वाचावे आणि महिनाअखेर कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमून त्याविषयी बोलावे, ही प्रथाही काही नवी नाही. अशी मंडळे मोठ्या उत्साहाने निघतात. पहिल्या बैठकीस सगळे वेळेवर येतात, दुसऱ्या बैठकीस पोहे-चहाचा बेत ठरतो. आणि वर्ष-दीड वर्षात त्यांतली पुष्कळशी मंडळे हळूहळू विझून जातात. का विझली म्हणून विचारले, तर 'वेळ मिळेना' असे उत्तर येते. ते खोटे नसते, पण पुरतेही नसते. ज्या गोष्टीची ओढ असते तिच्यासाठी वेळ निघतोच. मग ओढ कोठे आटली, हे शोधू गेले तर बहुधा आपण एका लहानशा प्रश्नापाशी येऊन पोहोचतो : पुढचे पुस्तक कोणते, आणि ते कोणी ठरवावयाचे?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एकट्याने वाचणाऱ्याची निवड चुकली तर तो पुस्तक मिटून ठेवतो. नुकसान त्याचे एकट्याचे. मंडळाची निवड चुकली तर नऊ माणसांचा महिना वाया जातो. त्याहूनही वाईट म्हणजे, एखाद्याने सुचविलेले पुस्तक तीनदा मागे पडले, तर चौथ्या वेळी तो सुचवीत नाही आणि पाचव्या वेळी येत नाही. तो भांडून जात नाही. त्याच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे येऊ लागतात. मंडळ मोडते ते बहुतकरून असे, आवाज न होता. आणि त्याबरोबर कधी कधी वीस वर्षांचा स्नेहही पातळ होतो. म्हणून पुस्तक निवडण्याच्या रीतीचा विचार थोडा नीट, थोडा शास्त्रशुद्ध करणे अगत्याचे आहे.

आधी थोडा पूर्वेतिहास पाहू. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन याने 'जंटो' नावाचे एक मित्रमंडळ काढले. त्या वेळी तो अवघा २१ वर्षांचा, छापखान्यात काम करणारा तरुण होता. त्याचे सोबती कोण? एक तावदानांना काचा बसविणारा, एक जोडे शिवणारा, एक सुतार, एक जमिनीची मोजणी करणारा, एक दस्तऐवजांच्या नकला करून देणारा. दर शुक्रवारी रात्री ही मंडळी जमत आणि एखाद्या विषयावर चर्चा करीत. या मंडळाचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'माझेच खरे' अशा थाटात कोणी ठासून बोलला किंवा दुसऱ्याचे म्हणणे तोंडावर खोडून काढले, तर त्याला किरकोळ दंड भरावा लागे. पुढे १७३१ मध्ये फ्रँकलिनने वर्गणीदारांचे ग्रंथालय स्थापन केले. ५० वर्गणीदार, प्रत्येकाचे आरंभी ४० शिलिंग आणि मग दरसाल १० शिलिंग. पैसे जमले, आणि लगेच आपलाच प्रश्न उभा राहिला : आता पुस्तके कोणती मागवावी? तेव्हा त्या मंडळींनी त्या वसाहतीतील मोठा विद्वान आणि ग्रंथसंग्राहक जेम्स लोगन याचा सल्ला घेतला आणि यादी लंडनला रवाना केली.

म्हणजे निवडीची पहिली रीत ही, की जाणत्याला विचारावे. ही रीत वाईट नाही. जाणत्याने हजार पुस्तके चाळलेली असतात, आपण पन्नास. विसाव्या शतकात तर या रीतीचा मोठा व्यापार झाला. अमेरिकेत १९२६ मध्ये हॅरी शेरमन याने 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. पाच परीक्षकांची समिती दरमहा एक पुस्तक निवडी आणि ते टपालाने सभासदांच्या घरी जाई. पहिले पुस्तक होते सिल्व्हिया टाउन्सेंड वॉर्नर या इंग्रज लेखिकेची 'लॉली विलोज' ही कादंबरी. इंग्लंडात १९३६ मध्ये प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ याने 'लेफ्ट बुक क्लब' स्थापिला. येथे परीक्षक तिघे : स्वतः गोलान्झ, हॅरोल्ड लास्की आणि जॉन स्ट्रेची. सभासदांची संख्या ऐन भरात पन्नास हजारांच्या वर गेली होती, आणि गावोगाव त्यांची चर्चामंडळे निघाली होती. हा क्लब १९४८ मध्ये बंद झाला.

या क्लबाच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. १९३७ मध्ये जॉर्ज ऑरवेल याचे 'द रोड टू विगन पिअर' हे पुस्तक क्लबासाठी निवडले गेले. त्याच्या पहिल्या भागात कोळशाच्या खाणींतील कामगारांच्या हालअपेष्टांचे वर्णन होते. ते गोलान्झला हवेच होते. पण दुसऱ्या भागात ऑरवेलने समाजवादी मंडळींचीच खरपूस झडती घेतली होती, आणि क्लबाचे सभासद तर तेच! गोलान्झ पेचात पडला. पुस्तक टाळावे की द्यावे? त्याने ते दिले, पण आपला मतभेद सांगणारी प्रस्तावना जोडून दिले. आज त्या क्लबाची बहुतेक पुस्तके विस्मृतीत गेली आहेत. पण निवडणाऱ्याला न मानवलेले हे पुस्तक मात्र अजून वाचले जाते. सर्वांना आधीच पटलेले असते ते पुस्तक मंडळाला नेहमीच उपकारक ठरते असे नाही, एवढे तरी यावरून दिसते.

जाणत्यावर सोपविण्याच्या रीतीत दोष आहे तो असा. जाणता पुस्तके ओळखतो. परंतु या नऊ माणसांना तो ओळखतोच असे नाही. शिवाय निवडण्याचा आनंद आणि निवडण्याची जबाबदारी, दोन्ही त्याच्याकडे जातात. बाकीचे श्रोते होतात. व्याख्यानमालेत तसे होणे योग्यच आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून विषय एकाने मांडावा आणि शेकडोंनी ऐकावा ही तिची रीत आहे. पण मित्रमंडळ म्हणजे व्याख्यानमाला नव्हे. तेथे प्रत्येकाने वक्ता व्हावयाचे आणि प्रत्येकाने श्रोताही व्हावयाचे. नऊजणांत एक 'मास्तर' आणि आठ विद्यार्थी अशी वाटणी झाली, की मंडळाचा वर्ग होतो. आणि वर्गाला गैरहजर राहण्याची सवय आपणा सर्वांना लहानपणापासूनच असते.

मग दुसरी रीत सुचते ती बहुमताची. आपण लोकशाहीत राहतो. हात वर करावे आणि मोकळे व्हावे. हे अगदी न्याय्य दिसते. पण एक साधा हिशेब मांडून पाहा. मंडळात ९ जण आहेत आणि पुढे ३ पुस्तके आहेत : व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. समजा, चौघांची पसंती अशी आहे : पहिली 'बनगरवाडी', मग 'स्मृतिचित्रे', शेवटी 'युगान्त'. तिघांची अशी : पहिले 'युगान्त', मग 'स्मृतिचित्रे', शेवटी 'बनगरवाडी'. उरलेल्या दोघांची अशी : पहिली 'स्मृतिचित्रे', मग 'युगान्त', शेवटी 'बनगरवाडी'.

आता हात वर करा. 'बनगरवाडी'ला ४, 'युगान्त'ला ३, 'स्मृतिचित्रे'ला २. 'बनगरवाडी' निवडून आली. पण ९ पैकी ५ जणांनी तिला अगदी शेवटी ठेवले होते! कोणी म्हणेल, हे बरोबर नाही. सर्वांत कमी मते मिळालेले पुस्तक बाद करा आणि उरलेल्या दोहोंत पुन्हा मत घ्या. ठीक. 'स्मृतिचित्रे' बाद झाले. त्या दोघांची मते 'युगान्त'कडे गेली. 'युगान्त'ला ५, 'बनगरवाडी'ला ४. आता 'युगान्त' निवडून आले. तिसरा म्हणेल, प्रत्येक जोडीची स्वतंत्र तुलना करा. 'स्मृतिचित्रे' आणि 'बनगरवाडी' यांत ५ जण 'स्मृतिचित्रे'च्या बाजूचे. 'स्मृतिचित्रे' आणि 'युगान्त' यांत ६ जण 'स्मृतिचित्रे'च्या बाजूचे. म्हणजे जे पुस्तक पहिल्या फेरीत सर्वांच्या मागे होते आणि दुसऱ्या रीतीत आधीच बाद झाले, तेच इतर दोघांना समोरासमोर हरविते. माणसे तीच, आवडीनिवडी त्याच, पुस्तके तीच. फक्त मोजण्याची रीत बदलली आणि तीन रीतींनी तीन निराळी पुस्तके निवडून आली.

ही केवळ करमणुकीची आकडेमोड नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा आणि कोंदोर्से या दोन गणितज्ञांनी याच प्रश्नाचा विचार केला. बोर्दाचा मार्ग असा : प्रत्येकाने पुस्तकांना क्रम द्यावा, शेवटच्याला ०, मधल्याला १, पहिल्याला २ असे गुण धरावे आणि बेरीज करावी. आपल्या उदाहरणात 'स्मृतिचित्रे'ला ११ आणि इतर दोहोंना ८-८ गुण मिळतात. रीत सुबक आहे, परंतु आपले पुस्तक यावे म्हणून प्रतिस्पर्धी पुस्तकाला मुद्दाम तळाशी ढकलणारा एखादा धूर्त सभासद निघाला तर ती फसते. कोंदोर्सेने १७८५ मध्ये आणखी एक गंमत दाखवून दिली. जोडीजोडीने तुलना केली तरी कधी कधी पहिले दुसऱ्याला हरविते, दुसरे तिसऱ्याला हरविते आणि तिसरे उलटून पहिल्याला हरविते! म्हणजे प्रत्येक माणसाची आवड सुसंगत असूनही सगळ्यांची मिळून होणारी आवड चक्रासारखी गरगरत राहू शकते. पुढे १९५१ मध्ये केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर पसंतीच्या क्रमांवरून समूहाचा क्रम ठरविणारी कोणतीही रीत न्याय्यतेच्या काही अगदी साध्या अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करू शकत नाही. त्याला १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपले अमर्त्य सेन यांनी याच शाखेत मोलाची भर घातली आणि त्यांना ते १९९८ मध्ये मिळाले.

यावरून मतदान निरर्थक आहे असा निष्कर्ष काढू नये. निष्कर्ष एवढाच, की 'मंडळाला हेच पुस्तक हवे होते' असे ठासून म्हणण्याचा अधिकार चार हात वर आल्याने मिळत नाही. ज्यांचे पुस्तक मागे पडले त्यांची आवड चुकीची होती असे ठरत नाही. मोजणीची रीत त्यांना प्रतिकूल पडली, इतकेच. हे ध्यानात ठेवले तर जिंकणारा थोडा नम्र होतो आणि हरणारा थोडा निवांत.

बहुमतापेक्षाही अधिक फसवी अशी एक तिसरी रीत आहे. ती आपल्याकडे फार चालते. तिचे नाव 'चालेल'. कोणीतरी एक नाव घेतो. दुसरा म्हणतो, चालेल. तिसरा म्हणतो, मलाही चालेल. आता तर मोबाईलवरच्या समूहात एकाखाली एक नऊ 'चालेल' उमटतात आणि पुस्तक एकमताने ठरते. जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात या प्रकाराची गोष्ट सांगितली आहे. टेक्सास प्रांतात उन्हाळ्याच्या एका दुपारी एक कुटुंब घरी सुखाने सोंगट्यांसारखा खेळ खेळत बसले होते. सासऱ्यांनी सहज म्हटले, ५३ मैलांवरच्या ॲबिलीन गावी जेवायला जाऊ या. मुलगी म्हणाली, छान कल्पना. जावई म्हणाला, मला चालेल, सासूबाईंना विचारा. सासूबाई म्हणाल्या, मला तर जायचेच आहे. धुळीतून, उकाड्यातून मंडळी गेली, बेचव जेवली आणि घामाघूम होऊन परतली. मग हळूहळू उघड झाले, की जावयाचे एकालाही नव्हते! सासऱ्यांनीदेखील केवळ इतरांना कंटाळा आला असेल म्हणून सुचविले होते. प्रत्येकाने दुसऱ्याचे मन राखले आणि कोणाचेच मन राखले गेले नाही.

आपल्या समाजात वडीलधाऱ्यांचा मान मोठा. अप्पांनी एखाद्या ग्रंथाचे नाव घेतल्यावर धाकट्याने 'मला ते जड जाईल' म्हणावे कसे? म्हणून येथे एक उपाय सांगावासा वाटतो. नावे तोंडी घेऊ नयेत. प्रथम प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावीत, मग सर्व चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. आणि बोलावयाचे झाल्यास वयाने सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलावे. ज्यू लोकांच्या प्राचीन न्यायसभेत देहान्तशिक्षेच्या खटल्यात मते घेताना कनिष्ठांपासून सुरुवात करीत, ती याचसाठी. ज्येष्ठांचे मत ऐकल्यावर कनिष्ठाचे मत त्याचे राहत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

मग शेवटी कोणती रीत धरावी? याचे उत्तर मला आपल्याच गल्लीत सापडते असे वाटते. आपण भिशी लावतो. दरमहा चिठ्ठी निघते, ज्याचे नाव निघेल त्याला रक्कम मिळते. पण एकदा नाव निघाले की फेरी पुरी होईपर्यंत त्याचे नाव पुन्हा पडत नाही. प्रत्येकाची पाळी येते, हेच भिशीचे सारे बळ. पुस्तकाचेही तसेच करावे. ज्याची पाळी त्याने पुस्तक सुचवावे. या महिन्यात माझ्या आवडीचे नाही, पण चार महिन्यांनी माझी पाळी आहे आणि तेव्हा हेच लोक माझे पुस्तक वाचणार आहेत, या भरवशावर माणूस नावडते पुस्तकही मनापासून वाचतो. न्याय एका महिन्यात साधावयाचा नसून एका फेरीत साधावयाचा आहे, हे या रीतीचे मर्म.

मात्र पाळीवाल्याने एकच पुस्तक आणून सर्वांच्या माथी मारणे बरे नव्हे. भाऊवाटणीत एकाने वाटे पाडावे आणि दुसऱ्याने आधी उचलावे, अशी एक शहाणपणाची रीत आहे. वाटे पाडणारा आपोआपच ते सारखे पाडतो. तोच न्याय येथे लावावा. पाळीवाल्याने ३ पुस्तके सुचवावीत, तिन्ही त्याला स्वतःला वाचावयास आवडतील अशी. बाकीच्यांनी त्यांतून निवड करावी. आणि ती करताना एकाच पुस्तकाला मत न देता 'जी जी मी खुशीने वाचीन' त्या सर्वांना हात वर करावा. सर्वाधिक हात ज्याला, ते पुस्तक. समान आली तर पाळीवाला ठरवील. या मोजणीतही गणिती दोष काढता येतील, कारण निर्दोष रीत नाहीच. पण कोणाला तळाशी ढकलण्याचा मोह तीत कमी होतो, आणि पाच जणांना नकोसे असलेले पुस्तक चौघांच्या बळावर येण्याचे भय जवळजवळ उरत नाही.

याला एक पुस्ती जोडावी. प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा, कारण न सांगता, एखाद्या पुस्तकाला नकार देण्याचा हक्क असावा. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू घडला आहे, त्याला मृत्यूविषयीचे पुस्तक या महिन्यात वाचवणार नाही. ज्याचे मूल आजारी आहे, त्याला आजारपणाची कादंबरी झेपणार नाही. हे चारचौघांत सांगावे लागू नये. मित्रमंडळ आणि परीक्षामंडळ यांत हाच तर फरक आहे.

आता माणसांकडून पुस्तकाकडे वळू. सुचविणाऱ्याने ३ पुस्तके कशी निवडावीत? पहिली कसोटी अगदी व्यवहाराची, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते : ते वाचून होईल का? कादंबरीचे एक पान वाचावयास २ मिनिटे धरली आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास मिळतो असे मानले, तर रोजची १५ पाने होतात. महिन्यातले २० दिवस हा नेम पाळला गेला तर ३०० पाने. यापलीकडचे पुस्तक ठरविले, की अर्धी मंडळी अर्धे पुस्तक वाचून येतात, आणि शेवट फोडू नका अशी विनवणी करीत बैठक संपते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'सारखे जाडजूड पुस्तक घेऊ नये असे नाही. घ्यावे, पण त्याला दोन महिने द्यावेत. उलट विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ सालची कादंबरी अगदी लहान आहे. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक निर्वासित ज्यू तरुणी भेटतात, एवढेच तिचे कथानक. परंतु तिच्यावर बोलावयास दोन बैठका पुरणार नाहीत.

दुसरी कसोटी : ते सर्वांना मिळेल का? नऊजणांना नऊ प्रती लागतात. आवृत्ती संपलेले पुस्तक कितीही थोर असले तरी एका प्रतीवर नऊ वाचक एका महिन्यात कसे भागणार? आपल्याकडे ग्रंथालयांची परंपरा चांगली आहे. पुण्याचे ग्रंथालय १८४८ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले, मुंबईचे १८९८ मधले. परंतु ग्रंथालयातही एका पुस्तकाच्या प्रती एक-दोनच असतात. जी व्यक्ती विकत घेऊ शकत नाही तिला संकोचाने गप्प बसावे लागू नये, म्हणून पुस्तकाची किंमत हाही निवडीचा भाग मानला पाहिजे. अठराव्या शतकातील इंग्लंडात पुस्तकमंडळे वर्गणी काढून एक प्रत घेत, ती सभासदांत फिरवीत आणि वर्षाअखेर आपसांतच विकून टाकीत. दोन-तीन प्रती मंडळाने घेऊन फिरत्या ठेवाव्यात, हा मार्ग आजही सोयीचा आहे.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : त्यावर बोलता येईल का? चांगले पुस्तक आणि बोलण्याजोगे पुस्तक या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. काही पुस्तके इतकी निर्विवाद सुंदर असतात, की 'काय सुरेख लिहिले आहे!' असे नऊजणांनी नऊदा म्हटले की दहा मिनिटांत चर्चा आटोपते. अशी पुस्तके एकट्याने वाचावीत, किंवा मंडळात मोठ्याने वाचून दाखवावीत. चर्चेला हवे ते पुस्तक ज्यात वाचकाला बाजू घ्यावी लागते. 'स्मृतिचित्रे'च घ्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या एका घटनेत पतीचे मन खरे की पत्नीचे हाल खरे, असे विचारताच बैठकीतील नवरा-बायको दोन बाजूंना बसलेले दिसतील. 'युगान्त'मध्ये महाभारतातील व्यक्तींकडे इरावतीबाईंनी माणसे म्हणून पाहिले आहे. भीष्म-द्रौपदींविषयी आपण लहानपणापासून धरलेल्या समजुती तेथे हलतात, आणि हललेली समजूत घेऊन माणूस गप्प बसू शकत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे, पुस्तक सुटे निवडू नये. मागच्या पुस्तकाच्या संदर्भाने निवडावे. पुढचे पुस्तक म्हणजे कोणाच्या तरी पुढचे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचून झाल्यावर १९३३ मधील विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह घेतला, तर मधल्या सुमारे चाळीस वर्षांत स्त्रीच्या दुःखाचे रूप कसे बदलले हे कोणी व्याख्यान न देताही ध्यानात येते. पहिल्यात पुरुषाने स्त्रीच्या तोंडून सांगितले आहे, दुसऱ्यात स्त्री स्वतः सांगते आहे, पण टोपणनाव घेऊन. या एका फरकावर एक संध्याकाळ सहज जाईल. गंभीर पुस्तकामागून हलके, कादंबरीमागून आत्मचरित्र, शहरामागून खेडे, अशी पालट ठेवली तर जेवणातल्या डाव्या-उजव्या बाजूंप्रमाणे चव टिकते.

आणि शेवटची कसोटी, जी मला सर्वांत निकडीची वाटते. मित्र बहुधा एकसारखे असतात. एकाच आळीतले, एकाच शाळेतले, पुष्कळदा एकाच जातीतले आणि एकाच मिळकतीचे. त्यांच्या निवडीवर काही बंधन नसले तर ती मंडळी वर्षानुवर्षे स्वतःचेच चरित्र वाचीत राहतात आणि 'किती खरे लिहिले आहे!' म्हणून समाधान पावतात. फ्रँकलिनच्या मंडळात काच बसविणारा आणि जोडे शिवणारा समोरासमोर बसत. आपल्या दिवाणखान्यात तसे होतेच असे नाही. मग जी माणसे आपल्या बैठकीत नाहीत त्यांना निदान पुस्तकातून तरी आत बोलवावे. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा', उद्धव शेळक्यांची 'धग', दया पवारांचे १९७८ मधील 'बलुतं' ही पुस्तके 'साहित्यात गाजली' म्हणून नव्हे, तर त्यांच्या पानांतून आपल्याच गावाची, आपल्याला न दिसलेली बाजू दिसते म्हणून घ्यावीत. अशा बैठकीत थोडे अवघडल्यासारखे होते. कोणी एखादे वाक्य बोलून जातो आणि बाकीचे खाली पाहतात. तो अवघडलेपणा टाळू नये. बोलण्याजोगे काहीतरी घडले, याची ती खूण असते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दोनांचा आशय असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ग्रंथपाल हे काम कपाटांच्या मधून करतो. मित्रमंडळ ते पाळीच्या साहाय्याने करते. आपण होऊन कधी हाती धरले नसते असे पुस्तक केवळ मित्राची पाळी होती म्हणून वाचावे लागते आणि ते पुस्तक आपले निघते, हा अनुभव एकट्या वाचकाच्या नशिबी क्वचितच येतो.

तेव्हा ज्यांनी असे मंडळ काढले आहे किंवा काढण्याचे मनात आहे, त्यांनी वर्षाअखेर एक करावे. वाचलेल्या पुस्तकांची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सुचविले होते ते लिहावे. एकच नाव पाच ठिकाणी आले आणि एखादे नाव एकदाही आले नाही, तर पुस्तके कितीही उत्तम असोत, रीत बदलावयाची वेळ आली आहे असे समजावे. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्या घरी एखाद्या संध्याकाळी जावे, आणि पुढच्या खेपेस तुम्ही कोणती तीन पुस्तके आणता, एवढेच विचारावे.